पुढच्या बाईच्या टाचा

माथेरानला लोक हवा खायला जातात. खुशाल जावं, हवेला कुणाची ना नाही. घोड्यावर बसावं, चिक्की खावी, पॉइंटावर उभं राहून फोटो काढून घ्यावा. पण ज्या घोड्यावर आपण बसलो त्याच्या पोटात काय आहे, हे विचारायची बुद्धी आजवर एकाही हवा खाणाऱ्याला झाल्याचं ऐकिवात नाही. घोड्याच्या पोटात गवत असतं. ते गवत एके काळी खलाटीतून, म्हणजे डोंगराखालच्या सपाटीवरून, बायकांच्या डोक्यावरून वर जायचं. घोडा माणसाला वाहणार आणि घोड्याचा चारा माणूस वाहणार, असा तो कारभार होता. त्या माणसांतली एक सोनुबाई.

खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून फणसवाडी म्हणून तीस-बत्तीस घरांची ठाकरांची वाडी आहे. पुण्याचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या साली सोनुबाई लग्न होऊन तिथं आली. अंगाची हळद उतरायच्या आत सासूनं तिच्या हातात भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ दिली. तेव्हापासून दसऱ्यानंतर गवत पिकलं की पावसाळा तोंडावर येईपर्यंत, दिवसाआड एक भारा डोक्यावर घेऊन ती माथेरान चढत आली. वीस वर्षं. या वीस वर्षांत तिनं माथेरानचा एकही पॉइंट पाहिला नव्हता. तबेल्याच्या दारात भारा टाकायचा, पाणी प्यायचं आणि उलट्या पावली खाली यायचं.

त्या वाटेला मोरशिडीची वाट म्हणतात. भरल्या डोक्यानं तीन तासांची चढण, आणि तीन तासांत सहा विसावे. विसावा म्हणजे वाटेल तिथं बसणं नव्हे. डोक्यावरचा भारा जमिनीवर टेकवला तर एकटीला तो परत उचलता येत नाही. म्हणून छातीइतक्या उंचीचा धोंडा जिथं असेल तिथंच थांबायचं, भारा त्याच्यावर सरकवायचा, दम खायचा आणि पुन्हा डोकं खाली घालायचं. आणखी एक गोष्ट चढणाऱ्यालाच कळते. भाऱ्याखाली मान वर होत नाही, खालीही होत नाही. चढ असा उभा, की डोळ्यांसमोर येतात त्या पुढच्या बाईच्या टाचा. ती जिथं पाय देईल तिथं आपण द्यायचा. तिचा पाय घसरला तर आपण थांबायचं. सोनुबाईला वाडीतल्या बायका तोंडावरून ओळखायला येत, पण टाचांवरून त्याहून लवकर ओळखायला येत.

पाचव्या विसाव्याच्या पुढं तीन पुरुष उंचीचा सरळ कातळ आहे. त्याला लाकडाची शिडी लावलेली असायची. दोन लांब वासे, मधे आडव्या काठ्या, आणि बांधायला वेल. पावसात ती कुजायची. नवरात्र झालं की वाडीतली बायामाणसं नवी बांधायची. आणि शिडी उभी राहिली की कधीतरी कचेरीचा शिपाई यायचा, काठ्या सोडवायचा आणि सरकारी लाकूड तोडलं म्हणून दम देऊन घेऊन जायचा. तो डोंगर ज्या कचेरीच्या ताब्यात होता तिचं नाव मी घेत नाही. घेऊनही फरक पडणार नाही, ज्याला त्याला आपापल्या तालुक्यातली एक आठवेलच.

एकोणऐंशीच्या मार्गशीर्षात शिपायानं शिडीच्या तीन काठ्या नेल्या. दुसऱ्या दिवशी सोनुबाईची जाऊ मोतीबाई त्या शिडीवरून पडली. तिच्या मागं सोनुबाई होती. समोरच्या टाचा एकाएकी दिसेनाशा झाल्या, एवढंच तिनं पाहिलं. मोतीबाई तिसऱ्या दिवशी गेली. कागदावर लिहिलं गेलं, 'गवत कापताना कड्यावरून पाय घसरून मयत.' सोनुबाई म्हणाली, आमी गवत खाली कापतो, कड्यावर गवत नसतंच. ते कुणी लिहून घेतलं नाही.

मग वाडीनं अर्ज केले. लोखंडाची शिडी द्या, नाहीतर आमची लाकडाची तरी राहू द्या. एक नाही, तीन अर्ज. अर्ज लिहिले कोंडीरामनं. कोंडीराम चौकाच्या बौद्धवाड्यातला. छप्पन साली धर्म बदलल्यावर त्याच्या बापानं पहिलं काम कोणतं केलं असेल, तर पोराचं नाव शाळेत घातलं. पोरगा अकरावी झाला, कुंभिवलीला हमरस्त्यावरच्या कारखान्यात लागला आणि सुटीच्या दिवशी आसपासच्या वाड्यांचे अर्ज फुकट लिहून देऊ लागला. तिन्ही अर्जांना एकच उत्तर आलं, ते त्यानंच वाचून दाखवलं. 'सदर ठिकाणी अभिलेखानुसार कोणतीही वाट अस्तित्वात नाही. सबब शिडीचा प्रश्न उद्भवत नाही.'

"म्हंजे काय रं?" सोनुबाईनं विचारलं.

"म्हंजे सोनुबाय, वाटच नाय असं म्हणत्यात."

"मग मी वीस वरसं कुठनं जाते?"

याचं उत्तर ज्यांनी द्यायचं ते पायथ्याशीसुद्धा आले नव्हते.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात मुंबईहून एक संस्था आली. 'आपला पडदा' तिचं नाव. ज्यांच्यावर आजवर दुसऱ्यांनी फिल्मा काढल्या त्यांनी आता स्वतः काढाव्यात, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिला परदेशातून मदत मिळायची. कॅमेरे मिळायचे, रिळं मिळायची. म्हणणं सोळा आणे खरं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. संस्थेच्या मुख्य बाई खादीची साडी नेसायच्या, जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि कुणाच्याही घरचं पाणी प्यायच्या. वाडीतल्या बायका त्यांना पडद्याच्या बाई म्हणायच्या. बाई भल्या होत्या. भल्या होत्या म्हणूनच पुढं जे झालं त्याचा राग अजून जात नाही. वाईट माणसानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो.

कोंडीरामच्या पडवीत संस्थेचं केंद्र निघालं. एक फिल्म दाखवायचं मशीन, एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि सेलवर चालणारा हातात मावेल एवढा कॅमेरा. पाच बायका शिकायला आल्या, तीन गळाल्या. राहिल्या त्यातली एक सोनुबाई. एक रीळ साडेतीन मिनिटांतच संपायचं, म्हणून महिनाभर रिकाम्या कॅमेऱ्यावर हात बसवला. सोनुबाईला घड्याळ कळत नव्हतं. तिनं माप काढलं ते पावलांचं. भरल्या डोक्यानं दीडशे पावलं म्हणजे एक रीळ. कोंडीरामनं घड्याळ लावून पाहिलं, बरोबर निघालं.

पडद्याच्या बाई म्हणाल्या, "सोनुबाई, तुम्हाला काय दाखवायचंय ते तुम्ही ठरवायचं. फिल्म तुमची. आम्ही फक्त हातभार लावणार."

"मला वाट दाखवायचीय."

"छान. कुणाला दाखवायचीय?"

"कचेरीतल्या सायबाला. तो म्हणतो वाट नाय."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सोनुबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "साहेबांना समोर बसवून दाखवू. माझा शब्द."

आठ रिळं मिळाली. एक पायथ्याला, एक माथ्यावर आणि सहा विसाव्यांना सहा, अशी सोनुबाईनं वाटणी केली. आता कुणीही म्हणेल, कॅमेरा हातात आहे तर एक दिवस भारा न घेता चढावं. पण त्या वाटेचा एक नेम आहे. रिकाम्या डोक्यानं कुणी चढायचं नाही. बरोबरच्या बायका ओझ्याखाली वाकलेल्या आणि आपण हात हलवत चाललो, हे वाडीत कुणाला शोभत नाही. आणि रिकामी बाई ज्या वेगानं चालते त्या वेगानं तिनं वाट दाखवली, तर ती वाटच खोटी. म्हणून सोनुबाईनं भारा घेतलाच. कॅमेरा फडक्यात गुंडाळून छातीशी बांधला, काच तेवढी बाहेर ठेवली. बटणावर एक बोट आणि भाऱ्याला दुसरा हात. पुढं गोदूबाई, तिच्या पुढं बाकीच्या नऊ जणी. एकंदर अकरा.

आणि तिनं काढलं काय? जे दिसत होतं ते. गोदूबाईच्या टाचा. पहिल्या विसाव्यापासून सहाव्यापर्यंत वीस-एकवीस मिनिटं टाचाच टाचा. भेगा पडलेल्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या, मधूनच दगडावर थरथरणाऱ्या. सोनुबाईचा श्वास चढेल तसं चित्र वरखाली व्हायचं. पाचव्या विसाव्यानंतर शिडी आली. शिडीवर कुणी बोलत नाही, तशी रीतच पडली होती. तिसरी काठी त्याही साली शिपायानं नेलेली होती. गोदूबाईची टाच त्या जागी आली आणि वरची काठी सापडेपर्यंत हवेत चाचपत राहिली. सोनुबाई खाली उभी होती. डोक्यावर भारा, समोर ती टाच, आणि मनात मोतीबाई. बोट तिनं बटणावरून काढलं नाही.

मग कोंडीरामच्या पडवीत बसून ती कॅसेटवर बोलली. 'ह्यो पयला विसावा. हितं पाणी नाय. ह्यो दुसरा. हितं चंद्राबाई पोटुशी आसताना बसली होती ती तशीच बाळंत झाली.' एकेक विसावा, त्याचं जे काय असेल ते. रिळं आणि कॅसेट मुंबईला गेली. कॅसेटची एक नक्कल कोंडीरामनं ठेवून घेतली, ते बरं केलं.

पुढच्या महिन्यात एका रविवारी संस्थेचा माणूस मोठा कॅमेरा घेऊन आला. थोडं जोडकाम आहे म्हणाला. चौक गावच्या सपाट शेतात त्यानं बायकांना भारे घेऊन चालायला लावलं, जरा हसा म्हणाला. बायका हसल्या. सपाटीवर भारा घेऊन चालायला सांगणाऱ्या माणसाला कुणीही हसेल.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत कर्जतला फिल्म दाखवायचं ठरलं. दुपारी, एका शाळेचा हॉल घेऊन, खिडक्यांना काळे पडदे लावून. फणसवाडीच्या अकरा जणींना गाडी पाठवली. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली. पहिल्या रांगेत कर्जत-खोपोलीची प्रतिष्ठित मंडळी, मुंबईहून आलेले दोन गोरे पाहुणे आणि मधोमध कचेरीचे साहेब. पडद्याच्या बाईंनी शब्द पाळला होता. साहेब समोर बसले होते.

दिवे गेले. बासरी सुरू झाली. डोंगरामागून सूर्य उगवला. हा सूर्य सोनुबाईनं काढलेला नव्हता. मग पायथा, भारे बांधणाऱ्या बायका, हे तिचं होतं. मग सपाट शेतातून हसत चाललेल्या बायका. एका पुरुषाचा भरदार आवाज बोलत होता, 'कष्टातही जिचं हसू मावळत नाही अशी ही डोंगराची लेक. पाखरासारखी ती कडे चढून जाते...' पडद्यावर दोन टाचा आल्या. सोनुबाई सरसावून बसली. तिनं मनात चार पावलं मोजली, आणि पडद्यावर माथेरान आलं. लाल माती, घोडे, गवत खाणारा घोडा, घोड्यावर बसलेलं गोरंगोमटं पोर. बासरी. 'चित्रण, सोनुबाई, फणसवाडी.' दिवे लागले. टाळ्या.

गोदूबाई हळूच म्हणाली, "सोनू, आपन वर कशा गं गेलो?"

तेवढ्यात सोनुबाईचं नाव पुकारलं. व्यासपीठावर बोलावून तिला शाल दिली, नारळ दिला. साहेब भाषणाला उठले. माणूस खुशीत होता. या भगिनींचा आनंद पाहून आपल्याला हेवा वाटला, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "काही लोक अर्ज करतात की डोंगरावर फार हाल आहेत, शिडी द्या, अमुक द्या. आज आपण सर्वांनी प्रत्यक्ष पाहिलं. मला तर कुठं शिडीची गरज दिसली नाही. अशी सुंदर फिल्म मी आणखी दहा वेळा बघेन."

सोनुबाई व्यासपीठावरच होती. भाषण संपायची वाट तिनं पाहिली, ते तिचं वळण. मग ती पडद्याच्या बाईंकडं वळून म्हणाली, "बाई, चढ कुठं गेला?"

माइक जवळ होता. प्रश्न सगळ्या हॉलला ऐकू गेला.

बाई जवळ आल्या, खालच्या आवाजात समजावू लागल्या. चित्र फार हलत होतं. डोळे दुखतात. शिवाय चेहरेच नव्हते, नुसते पाय. वीस मिनिटं पाय पाहत कोण बसणार? संकलकानं फार मेहनत घेतली. ही फिल्म दिल्लीला जायची आहे, तिथं बक्षीस मिळालं तर सगळ्या देशाला फणसवाडी कळेल.

"फणसवाडी कळंल. वाट कळंल का?"

"सोनुबाई, हे माध्यम आहे. त्याचे काही नियम असतात."

"तुमी म्हनला व्हता, फिलीम माजी."

"तुमचीच आहे. तुमचं नाव आहे ना त्यावर."

"मंग माजं नाव काढा," सोनुबाई म्हणाली. "ही माजी नाय. मी चढ काढला व्हता. ह्यात चढ नाय. कचेरी म्हनते वाट नाय, आन तुमी बी ती कापून टाकली."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी जे उत्तर दिलं ते त्यांच्या तोंडून निसटलं असावं. "नाव कसं काढणार? नावाशिवाय ही फिल्म कुठं पाठवायची?"

बघा म्हणजे. चित्र नको होतं, बोलणं नको होतं, वीस मिनिटांचा दम नको होता. नाव तेवढं हवं होतं. दुसऱ्यांनी तुमच्यावर फिल्मा काढायच्या, हे संस्थेला मंजूर नव्हतं. तुमच्या नावावर काढायच्या, त्याला मात्र तिची हरकत नव्हती. ज्यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही त्यांच्यापर्यंत पोचायला निघालेली भली माणसं अशी मधल्या वाटेवर घसरतात, आणि घसरल्याचं त्यांना कळतही नाही, कारण त्यांच्या डोक्यावर भारा नसतो.

शाल सोनुबाईनं परत केली नाही. थंडीचे दिवस होते. नारळ बायकांनी गाडीतच फोडून खाल्ला. फिल्म दिल्लीला गेली, नाव तसंच राहिलं.

कोंडीरामला मात्र झोप लागेना. संस्थेचा स्थानिक कार्यकर्ता म्हणून त्या दिवशी त्याच्याही छातीवर बिल्ला होता. पुढच्या सुटीला तो मुंबईला गेला आणि संकलकाच्या खोलीत मागं लागला, कापलेलं परत द्या. संकलकाला नवल वाटलं, कचऱ्यात काय आहे? कोपऱ्यातल्या कापडी पोत्यात इतरांच्या कापलेल्या तुकड्यांबरोबर सोनुबाईचा चढ पडला होता. रिळांना नक्कल नसते. कापलं ते मूळच. सहापैकी चार रिळं जवळजवळ अखंड मिळाली, दोनाचे तुकडे मिळाले. शिडीचं रीळ सबंध होतं. ते कुणी उलगडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

पडवीत बसून दोघांनी ते चिकटवलं. पट्टीवरचं एकेक चित्र नखाएवढं. कोंडीरामला सगळं सारखंच दिसायचं. सोनुबाई उजेडाला धरून सांगायची, "ह्ये दुसऱ्या विसाव्याच्या म्होरलं. दगूड वळख रं जरा." तिनं क्रम लावला, त्यानं चिकटपट्टी लावली.

"पण सायब बघायला येतील कशाला?" कोंडीराम म्हणाला.

"त्यानं का यावं? आपुन जाऊ. धा येळा बघीन म्हनालाय. चारचौघांत म्हनालाय."

एप्रिलात एक दिवस सकाळी अकराला अकरा बायका कचेरीच्या पडवीत जाऊन बसल्या. सोबत कोंडीराम, डोक्यावर मशीन. साहेबांनी आधी नाही म्हटलं. सोनुबाई म्हणाली, "सायब, तुमी कर्जतला धा येळा बघीन म्हनलात. ही दुसरी येळ." आतले दोन कारकून हसले. साहेबही हसले आणि अडकले. खिडक्यांवर बायकांनी आणलेल्या घोंगड्या टाकल्या, भिंतीवर पांढरं धोतर लावलं, दौत-पेनं बाजूला करून टेबलावर मशीन ठेवलं. टेपरेकॉर्डरमधून सोनुबाईचा आवाज आला. 'ह्यो पयला विसावा.'

दोन मिनिटं झाली, साहेब खुर्चीत हलले. चार झाली, त्यांनी घड्याळ पाहिलं. "पुढं काही आहे का?"

"चढ हाय सायब."

"ते कळलं. पाय दिसताहेत. पुढं?"

"पुढं बी चढच हाय. अजून दुसराच विसावा झाला."

साहेबांनी रुमाल काढला. कारकून भिंतीला टेकले. एक जण नकळत चित्राबरोबर श्वास घेऊ लागला. तिसरा विसावा, चौथा. चिकटवलेल्या जागी चित्र उडी मारायचं आणि टाचा पुन्हा सुरू व्हायच्या. जे बघायला कुणी बसणार नाही म्हणत होते, ते बघायला कचेरी बसली होती. बसवली होती म्हणा. पण बसली होती.

मग शिडी आली. गोदूबाईची टाच तिसऱ्या काठीपाशी पोचली आणि हवेत चाचपत राहिली. गोदूबाई स्वतः भिंतीपाशी बसून आपलीच टाच पाहत होती. टाचेला काठी सापडली. एका कारकुनानं सोडलेला सुस्कारा सगळ्यांना ऐकू गेला.

साहेबांनी तो ऐकला आणि त्यांना राग आला. माणसाला लाज वाटली की आधी राग येतो. "थांबव ते," ते कोंडीरामला म्हणाले. "ही लाकडं कुठली? वासे कुठून आणले? डोंगरावरची झाडं तोडून शिडी बांधता आणि वर त्याची फिल्म करून मलाच दाखवता? हा सरळ गुन्हा आहे. पंचनामा करा. अकरा जणींची नावं घ्या."

घोंगड्या निघाल्या, उजेड झाला. कोंडीरामनं हात जोडले, "सायब, अडाणी बायका हायत, मीच त्यांना..."

"तू गप रं," सोनुबाई म्हणाली. ती उठून टेबलापाशी आली. "लिवा सायब. लाकूड आमीच तोडलं. दरसाल तोडतो. लिवा."

कारकुनानं कागद घेतला. तारीख घातली. नावं घातली. शिडीचे वासे दोन, काठ्या सात. मग त्याचं पेन थांबलं. "साहेब, ठिकाण काय लिहू?"

साहेब रुमालानं कपाळ टिपू लागले.

"अभिलेखात तिथं वाट नाही," कारकून चाचरत म्हणाला. "वाट नाही तर शिडी... आपणच तसं उत्तर दिलंय. तीनदा."

"डोंगरात, असं लिही."

"डोंगर केवढा हाय," सोनुबाई म्हणाली. "सायब, चोरी धरली तर जागा लिवाया लागते. कोंबडी चोरली तरी कुनाच्या खुराड्यातनं ते लिवत्यात. जागा नसंल तर गुना बी नाय. मंग आमी जातो, आन शिडी ऱ्हाते."

साहेबांनी खिडकीकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं. दोन कारकून, अकरा बायका आणि भिंतीवरचं धोतर, सगळ्यांसमोर गुन्हा काढलेला होता आणि तो मागं घेणं त्यांच्या खुर्चीला झेपण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितलं आणि कारकुनानं लिहिलं.

सोनुबाईनं तो कागद कोंडीरामला वाचायला लावला. त्यानं वाचलं, 'मौजे चौक येथून माथेरानकडे जाणारी मोरशिडीची पायवाट, पाचव्या विसाव्यापुढील कातळावर, नेहमीच्या रहदारीच्या जागी.' ती म्हणाली, "परत वाच." त्यानं परत वाचलं. वीस वर्षं तिच्या पायाखाली असलेली वाट पहिल्यांदा सरकारी कागदावर आली, ती गुन्हा म्हणून आली. सरळ मार्गानं ती यायलाच तयार नव्हती.

"आता याची एक नक्कल द्या सायब. आरोपीला देत्यात ना?"

"देतात," कारकून म्हणाला, साहेबांकडं न बघता.

सोनुबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबून उमटवला. तिच्यामागं गोदूबाई, मग चंद्राबाई, मग एकेक करत अकराही जणी. कारकून कागद उचलणार एवढ्यात दारातून वाडीतलीच अंबाबाई आत घुसली. फिल्म काढली त्या दिवशी ती तापानं पडून होती, फिल्ममध्ये तिच्या टाचा नव्हत्या, आणि आज वाडीतून तिला निघायला उशीर झाला होता. दारापाशी उभ्या असलेल्या बायकांनी तिला काय चाललंय ते सांगितलं होतं.

"माजा बी घ्या," ती धापा टाकत म्हणाली. "त्या दिशी मी नव्हते. पन शिडी मी बी बांधलीय, आन जाते बी त्याच वाटंनं."

कारकुनानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यानं अकराचा आकडा खोडून बारा केला आणि शाईची डबी तिच्यापुढं सरकवली.